वाचकांचे प्रश्न : ईम गावाची वर्तुळाकार वाट आणि लपवलेल्या डब्या

प्रश्न : आम्ही शेफील्डमध्ये राहतो. ऑगस्टमध्ये माझे सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना एखादे जुने इंग्रजी खेडे निवांतपणे पाहायचे आहे, तर आमच्या दोन्ही मुलांना शाळेतल्या मित्रांमुळे जिओकॅशिंगचा, म्हणजे इतरांनी लपवलेल्या डब्या अक्षांश-रेखांशांवरून फोनच्या मदतीने शोधण्याच्या खेळाचा, नाद लागला आहे. जिथून निघालो तिथेच परत येता येईल अशा एकाच वाटेवर दोघांचेही समाधान होईल, असे गाव सुचवाल का? सासरे रोज फिरायला जातात, परंतु सासूबाईंचे गुडघे दुखतात.
— म. जो., शेफील्ड

उत्तर : आपल्या घरापासून फार दूर जाण्याची गरज नाही. डर्बीशरमधले, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले ईम हे गाव आपण निवडावे, असे मी सुचवीन. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपले लोक ‘एयाम’ म्हणतात. बसचालकाला मात्र ‘ईम’ असेच सांगावे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरचे ग्रिंडलफर्ड हे जवळचे स्थानक आहे, पण तिथून गावापर्यंतचा रस्ता चढाचा असल्यामुळे वडीलधारी मंडळी बरोबर असताना बस किंवा मोटार हेच सोयीचे.

कॉट्सवोल्ड्समधली अधिक देखणी खेडी सोडून मी ईमचे नाव घेतो, याचे कारण म्हणजे या गावाचा इतिहास चार भिंतींच्या आत नाही, तो गावाभोवतालच्या शेतांतून आणि टेकडीवर पसरलेला आहे, आणि तो पाहण्यासाठी माणसाला गावाला वळसा घालावाच लागतो. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले असताना ईममधल्या अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे तिकडून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते म्हणून ते शेकोटीपुढे वाळत घातले गेले आणि त्यातल्या पिसवांमुळे रोग पसरला, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबर १६६५ रोजी दफन झाला, आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत गावातली सुमारे २६० माणसे दगावली. जून १६६६ मध्ये विल्यम मॉम्पेसन हा तरुण धर्मगुरू आणि त्याच्याआधी त्या पदावर असलेला, राजाच्या नव्या धर्मविषयक कायद्यामुळे पद गमावलेला टॉमस स्टॅन्ली, या परस्परविरोधी मतांच्या दोघांनी एकत्र येऊन गावकऱ्यांना हद्दीबाहेर न जाण्यास राजी केले. चर्च बंद करून प्रार्थना ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, माणसामाणसांत अंतर ठेवून होऊ लागल्या, आणि प्रत्येक कुटुंबाने आपले मृत आपल्याच शेतात किंवा परसात पुरावेत असे ठरले. म्हणूनच इथल्या कबरी विखुरलेल्या आहेत. आजची वर्तुळाकार वाट त्या विखुरलेल्या खुणांना जोडत जाते.

वाटेचे दोन भाग पाडावेत. खालचा भाग सर्वांनी मिळून करावा. हॉकहिल रस्त्यावरच्या वाहनतळावर गाडी लावून, समोरचे संग्रहालय पाहून मुख्य रस्त्यावर यावे आणि पूर्वेकडे चालू लागावे. ज्या घरांत प्रथम प्लेग शिरला ती घरे रस्त्याला लागूनच आहेत. कोणत्या घरातले कोण केव्हा गेले हे प्रत्येकापुढच्या फलकावर लिहिलेले आहे. तिथून थोडेच पुढे सेंट लॉरेन्सचे चर्च. आवारात सॅक्सन काळातला कोरीव दगडी क्रूस आहे, मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन हिची कबर आहे (ती २५ ऑगस्ट १६६६ रोजी गेली, म्हणजे साथ ओसरायला जेमतेम दोन महिने उरले असताना), आणि चर्चच्या भिंतीवर १७७५ साली बसवलेले सूर्यघड्याळ आहे. या घड्याळावर दूरदूरच्या ठिकाणांच्या रेखावृत्तांच्या रेघाही कोरलेल्या आहेत. सासऱ्यांना गणिताची आवड असेल, तर ते इथून लवकर हलणार नाहीत.

चर्चनंतर गावचौकापाशी लिडगेट ही गल्ली लागते. तिथे एका छोट्या कुंपणात १६६६ साली गेलेल्या बाप-लेकीच्या कबरी आहेत. गल्ली सोडून शेतातून जाणारी पायवाट धरली, की स्टोनी मिडलटन गावाच्या दिशेने उतरताना हद्दीचा दगड येतो. ईमच्या लोकांनी या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची, आणि शेजारच्या गावच्या लोकांनी ती उचलून अन्न व औषधे ठेवून जायचे, अशी व्यवस्था होती. रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नसतानाच्या काळातली ही खबरदारी आहे, हे लक्षात घेतले तर तिचे मोल अधिक कळते. सासूबाईंनी इथून चौकात परतून चहा घेत बसावे. एवढ्यात गावाचे मर्म त्यांनी पाहिलेले असेल.

वरचा भाग सासरे, मुले आणि आपण करावा. गावाच्या पूर्वेला, साधारण एक किलोमीटरवर, रायली कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले इथे स्वतःच्या हातांनी पुरली, कारण मदतीला यायला कोणी तयार नव्हते. मोकळ्या कुरणात, गोल दगडी भिंतीच्या आत त्यांच्या कबरींचे दगड आज उभे आहेत. तिथून वाट गावाच्या उत्तरेच्या उंच कड्याकडे चढते. खाली पांढरा चुनखडक आणि वर करडा, खरखरीत वालुकाश्म हा फरक मुलांना पायाखाली जाणवेल. हा चढ थोडा दमवतो. वर रस्त्याच्या कडेला मॉम्पेसनची विहीर म्हणून ओळखला जाणारा झरा आहे. इथेही बाहेरचे लोक सामान ठेवून जात आणि मोबदल्याची नाणी वाहत्या पाण्यात धुतली जात. तिथून झाडीतून आणि शेतांतून उतरणारी पायवाट थेट चर्चच्या मागे आणून सोडते. डब्या शोधत, थांबत गेलात तर अर्धा दिवस धरावा.

एक सूचना. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ककलेट डेल्फमध्ये स्मरणप्रार्थना होते, आणि त्याच सुमारास गावातल्या पाणवठ्यांवर फुलांच्या पाकळ्यांची चित्रे मांडण्याचा या भागातला जुना उत्सवही असतो. सासू-सासऱ्यांना हे पाहायला नक्की आवडेल, मात्र त्या दिवसांत गर्दी इतकी असते की मुलांना डबी शोधणे अशक्य होईल. शक्य असल्यास दोन वेगळ्या फेऱ्या कराव्यात.

प्रश्न : फोन म्हणतो की आम्ही डबीपाशी पोहोचलो आहोत, आणि तिथे काहीच नसते. वीस मिनिटे शोधून मुले रडकुंडीला येतात. आमचे काय चुकते? आणि या खेळासाठी पैसे भरणे आवश्यक आहे का?
— श्री. कु., डर्बी

उत्तर : आपले फारसे काही चुकत नाही, आपण फोनवर गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवता, इतकेच. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला काढून टाकली. तोवर जीपीएसने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ही अडचण दूर होताच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आजचा हा खेळ त्यातून निघाला. मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक आता काही मीटरचीच असते, परंतु दाट झाडीत, कड्याखाली किंवा उंच भिंतीलगत ती सहज वाढते. शिवाय ज्याने डबी लपवली त्याच्या यंत्राचीही स्वतंत्र चूक असतेच. म्हणून शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात ठेवावा आणि डोळ्यांनी शोधावे. नैसर्गिकरीत्या पडलेल्या फांद्या अशा समांतर पडत नाहीत, दगडांचा ढीग असा नीट रचलेला नसतो, हे मुलांना एकदा कळले की ती आपल्यापेक्षा लवकर शोधतात.

अक्षांश-रेखांश या खेळात अंश आणि दशांश मिनिटांत लिहिले जातात. ईमसाठी ते उत्तर ५३ अंश १७ मिनिटे आणि पश्चिम १ अंश ४० मिनिटे यांच्या आसपास येतात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानातला एकाचा फरक अक्षांशात सुमारे १.८५ मीटरचा असतो, तर रेखांशात या भागात तो १.१ मीटरचाच भरतो. भारतात आपण नेहमी पूर्व रेखांश लिहितो. ती सवय इथे नडते, कारण पश्चिमेऐवजी पूर्व लिहिले तर फोन आपल्याला नॉरफोकच्या किनाऱ्यापलीकडे, उत्तर समुद्रात घेऊन जाईल.

निघण्यापूर्वी खेळाच्या संकेतस्थळावरचे त्या डबीचे पान पूर्ण वाचावे. तिचा आकार तिथे दिलेला असतो. ‘मायक्रो’ म्हणजे कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मच्या डबीएवढी, आणि त्याहून लहान, बोटाच्या पेराएवढी, चुंबकाने चिकटवलेलीही असते. शोधण्याची कठीणता आणि वाटेचा अवघडपणा एक ते पाच या मापात वेगवेगळे दिलेले असतात. मुलांसाठी दोन्ही आकडे दोनच्या आत ठेवावेत. अलीकडच्या नोंदी पाहाव्यात. शेवटच्या तीन-चार जणांना डबी मिळाली नसेल तर ती बहुधा जागेवर नाही. डबी कुठे असावी याचा पानावर दिलेला सुगावा वाचण्यात कमीपणा मानू नये. आणि पेन्सिल बरोबर न्यावी, कारण छोट्या डबीत शोधणाऱ्याने नाव लिहायच्या कागदाची गुंडाळी मावते, पेन्सिल मावत नाही.

पैशांचे म्हणाल, तर साधे सदस्यत्व विनामूल्य आहे. काही डब्या फक्त सशुल्क सदस्यांना दिसतात. मुलांचा नाद एक उन्हाळा टिकला तर पैसे भरावेत.

प्रश्न : ईमसारख्या ठिकाणी, जिथे माणसे तडफडून मेली तिथे, कबरींच्या आसपास मुलांनी डब्या शोधत धावावे हे मला प्रशस्त वाटत नाही. आपले मत काय?
— एक आजोबा, लेस्टर (मूळचे सातारा)

उत्तर : आपला संकोच योग्य आहे, आणि खेळाच्या नियमांतही त्याची दखल आहे. डबी कबरीवर किंवा कबरीच्या दगडात लपवता येत नाही. जमिनीच्या मालकाची परवानगी लागते, आणि ब्रिटनमधल्या जिओकॅशिंग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दगडी भिंतींतही डब्या ठेवायच्या नसतात. ईमभोवतीची शेते अशाच, कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्याशिवाय रचलेल्या भिंतींनी विभागलेली आहेत. एक दगड ओढला की वरचे चार ढासळतात आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. मुलांना ही गोष्ट घरातून निघतानाच सांगावी.

कबरी असलेल्या जागांसाठी या खेळात एक चांगला प्रकार आहे. त्यात अनेक टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यांवर डबी नसतेच. दगडावरचे साल, फलकावरच्या नावांची संख्या, खळग्यांची संख्या असे आकडे टिपून घ्यायचे, त्यांतून शेवटच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढायचे, आणि खरी डबी आवाराबाहेर, पायवाटेच्या कडेच्या झाडाच्या बुंध्याशी सापडते. चर्चना जोडलेल्या डब्यांची एक मोठी मालिका ब्रिटनभर आहे, आणि तिच्यातल्या पुष्कळ डब्या अशाच आहेत. ईमसाठी मी हाच प्रकार निवडीन. एलिझाबेथ हॅनकॉकच्या कुटुंबाचे दगड मोजायला लागलेले मूल धावत नाही. ते नावे वाचते, वये विचारते, आणि सहाव्या नावाशी आपण होऊन गप्प होते. फलक वाचा असे दहादा सांगून जे होत नाही, ते एका आकड्याच्या गरजेने होते. म्हणूनच माझा आग्रह असतो की आधी नकाशावर वाट ठरवावी आणि मग त्या वाटेवरच्या डब्या निवडाव्यात. डब्यांच्या मागे वाट ठरवली तर खेळाच्या नियमातल्या १६१ मीटरांच्या किमान अंतराने पेरलेल्या पंचवीस डब्या मिळतात आणि गाव पाहायचे राहून जाते.

आपण सातारचे आहात, तेव्हा ईमचा हद्दीचा दगड पाहताना आपल्याला १८९७ चे पुणे आठवणे स्वाभाविक आहे. तिथे विलगीकरण सैनिकांच्या झडत्यांनी लादले गेले आणि त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाले. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ईमच्या लोकांनी बंधन आपण होऊन स्वीकारले, असे सांगितले जाते. पुढच्या शतकांतल्या कथनांनी या गोष्टीला बराच मुलामा दिला, हेही नातवंडांना सांगायला हरकत नाही. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलांना आधीच बाहेर पाठवले होते; खुद्द मॉम्पेसनची मुलेही त्यांत होती.

प्रश्न : झुडपात वाकून काही शोधताना पाहिले की गावातले लोक रोखून पाहतात. आपण परदेशी दिसतो, म्हणून अधिकच अवघडल्यासारखे होते. काय करावे?
— रा. प., लीड्स

उत्तर : विचारण्याआधीच सांगून टाकावे. ‘आम्ही जिओकॅशिंग करतो आहोत’ एवढे एक वाक्य पुरते, कारण या देशात तो खेळ पुष्कळांना माहीत आहे, आणि कित्येकदा विचारणाराच हसून योग्य झुडूप दाखवतो. गुपचूप वागण्यानेच संशय वाढतो. तुमच्याजवळच्याच वेदरबी गावात २०११ साली एका उपाहारगृहाबाहेर ठेवलेली अशी डबी कोणाला तरी संशयास्पद वाटली आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने ती उडवून दिली. वस्तीत, खिडक्यांसमोर, अंधार पडल्यावर शोधू नये. ईममधली ती प्रसिद्ध घरे ही राहती घरे आहेत, त्यांच्या फाटकांना हात लावू नये.

पायवाटेवर असाल तर मात्र मुळीच संकोचू नये. पिवळ्या बाणाची खूण असलेल्या सार्वजनिक पायवाटेवर, ती एखाद्याच्या शेतातून जात असली तरी, चालण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे, मग तो त्या गावचा असो वा जळगावचा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. फाटक जसे असेल तसे ठेवावे, आणि वासरे बरोबर असलेल्या गायींपासून दूर राहावे. आपल्याकडच्या गायींवरून इथल्या गायींचा अंदाज करू नये.

प्रश्न : डर्बीशरमध्ये मुलाकडे राहून आल्यावर आता पुण्याजवळच्या एखाद्या गडावर अशीच वर्तुळाकार वाट आखून डब्या ठेवाव्यात असे मनात आहे. शक्य आहे का?
— वि. भा., पुणे

उत्तर : वाट जरूर आखावी, डब्यांबद्दल मात्र सबुरीने घ्यावे. संरक्षित स्मारकाच्या तटात, बुरुजात किंवा देवळाच्या दगडांत काहीही खुपसणे हा पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीने गुन्हा ठरू शकतो, आणि पहिली डबी सापडण्यापूर्वी शोधणाऱ्यांच्या हातून तटाचे चार दगड सैल होतील ही भीती तर आहेच. माकडे प्लॅस्टिकची डबी उघडतात. पावसाळ्यात आतल्या कागदाचा लगदा होतो. डबी ठेवणाऱ्याने तिची नियमित देखभाल करायची असते, तेव्हा जिथे आपण वरचेवर जाऊ शकत नाही तिथे ती ठेवूच नये.

आपल्यासाठी ‘अर्थकॅश’ हा प्रकार अधिक सोयीचा आहे. अमेरिकेतल्या भूविज्ञान संस्थेने २००४ साली तो सुरू केला. यात डबी नसते. ठरलेल्या जागी जाऊन तिथल्या खडकाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. सह्याद्रीत याला तोटा नाही. बेसाल्टच्या एकावर एक पडलेल्या थरांमधली लाल मातीची पट्टी गडाच्या वाटेवर अनेक ठिकाणी उघडी पडलेली दिसते. दोन लाव्हांच्या मधल्या काळाची ती खूण आहे. निघोजला कुकडीच्या पात्रातली रांजणखळगी आहेत, लोणारचे विवर आहे. मात्र मजकूर स्थानिक भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावा, आणि ज्याच्या अखत्यारीत ती जागा आहे त्याची परवानगी मागावी.

प्रश्न : डबीतल्या वहीत मराठीत लिहिले तर चालते का?
— ईशान, इयत्ता सहावी, नॉटिंगहॅम

उत्तर : अवश्य चालते. कागद लहान असेल तर फक्त आपले खेळातले नाव आणि तारीख लिही. वही मोठी असेल तर देवनागरीत दोन ओळी लिहिल्याने डबीच्या मालकाला आनंदच होईल. घरी आल्यावर संगणकावर नोंद करताना मात्र इंग्रजीतही एक वाक्य टाक, कारण झाकण तडकले आहे का, कागद ओला झाला आहे का, हे मालकाला कळायला हवे. डबीतली एखादी वस्तू घेतलीस तर तितक्याच मोलाची दुसरी ठेव. खाऊ ठेवू नकोस. वासाने खारी आणि उंदीर येऊन डबी कुरतडतात. फोटो टाकलास तर लपवलेली जागा त्यात दिसणार नाही एवढे पाहा, आणि डबी जशी सापडली तशीच, तेवढीच झाकून परत ठेव.